कोतवाल पक्ष्यांची ओळख

चैत्र-वैशाखातील पहाट. बऱ्हाणपूरच्या राजघाटावर अद्याप माणसांची वर्दळ सुरू झालेली नसते, तापीच्या पात्रावरचा काळोख विरळ होण्यास अजून अवकाश असतो, आणि कोंबड्यालाही जाग आलेली नसते. अशा वेळी एखाद्या उंच निंबाच्या शेंड्यावरून किंवा विजेच्या तारेवरून दोन सुरांची एक तीक्ष्ण साद उमटते : ‘टी-ही, टी-ही’. थोड्या वेळाने दुसऱ्या झाडावरून तिला उत्तर मिळते. शहरावर पहाऱ्याची एक फेरी पुरी झाल्यासारखे वाटते. साद घालणारा पक्षी अंधारात दिसत नाही. पण उजाडल्यावर त्याच फांदीवर कोळशासारखा काळा, सडपातळ, लांब दुभंगलेल्या शेपटीचा एक पक्षी ताठ बसलेला आढळतो. हाच कोतवाल होय.

बऱ्हाणपूर हे फारुकी सुलतानांच्या राजधानीचे आणि पुढे मोगलांच्या खानदेश सुभ्याच्या मुख्य ठाण्याचे गाव. तट, वेशी आणि शाही किल्ला असलेल्या अशा शहरात रात्रीचा बंदोबस्त पाहणारा कोतवाल हा मोठा अधिकारी असे. तो अधिकार काळाच्या ओघात नाहीसा झाला. पक्ष्याला मिळालेले नाव मात्र टिकून राहिले. हिंदी भाषिक लोक त्याला भुजंगा म्हणतात. मराठीत कोतवाल हेच नाव रूढ असून काही ठिकाणी त्याच्या रंगावरून त्याला कोळसा असेही म्हणतात. नावाला कारण अर्थातच त्याच्या वागणुकीत आहे. आपल्या घरट्याच्या आसपास कावळा, घार किंवा शिकरा यांपैकी कोणीही फिरकलेला त्याला खपत नाही. स्वतःपेक्षा कितीतरी पटींनी मोठ्या घारीच्या पाठीवर झेप घेऊन तिला तो गावकुसाबाहेर पिटाळून लावतो. इंग्रज लोकांनी त्याचे हे वर्तन पाहून त्याला ‘किंग क्रो’, म्हणजे कावळ्यांचा राजा, असे नाव दिले. वास्तविक तो कावळ्याच्या कुळातला नव्हे.

राजपदाची ही पदवी पृथ्वीच्या दुसऱ्या गोलार्धातील एका पक्ष्यालाही मिळालेली आहे. अमेरिका खंडात ‘किंगबर्ड’ नावाचे पक्षी आहेत. त्यांच्या शास्त्रीय नावातच ‘टिरॅनस’, म्हणजे जुलमी राजा, हा शब्द आलेला आहे. लिनियसने १७५८ साली त्यांतील एका पक्ष्याची नोंद केली तेव्हापासून हे नाव चालत आले. तो पक्षीही उघड्या जागी बसतो, उडते कीटक हवेतल्या हवेत पकडतो आणि घरट्याजवळ आलेल्या ससाण्यांना व कावळ्यांना हुसकावून लावतो. तथापि त्याचे आणि कोतवालाचे रक्ताचे नाते अतिशय दूरचे. एकाच तऱ्हेचा धंदा करणाऱ्या दोन परक्या माणसांच्या सवयी जुळाव्यात, तसेच हे साम्य आहे. किंगबर्डच्या काही जाती दिसण्यात इतक्या सारख्या आहेत की, टेक्सास प्रांतातील उष्णप्रदेशी किंगबर्ड आणि कूचचा किंगबर्ड हे दोन पक्षी समोर बसलेले असताही केवळ डोळ्यांनी ओळखणे जाणकारांनाही अवघड जाते. ते बोलले म्हणजेच ओळखू येतात. हाच धडा बऱ्हाणपूरच्या परिसरातही उपयोगी पडतो, कारण कोतवालांच्याही जाती एकाहून अधिक आहेत आणि काळा पक्षी दिसला की तो कोतवाल, एवढ्या ज्ञानावर काम भागत नाही.

प्रथम सर्वांच्या परिचयाचा काळा कोतवाल घेऊ. आकाराने तो बुलबुलाएवढा. परंतु शेपटी लांब असल्याने एकूण लांबी सुमारे २८ ते ३० सेंटिमीटर भरते. सर्वांग तकतकीत काळे, त्यावर उन्हात निळसर झाक. शेपटी मुळापासून टोकाकडे रुंदावत जाते आणि टोकाशी दोन फाळ्यांनी बाहेर वळते. बहुतेक लहान पक्ष्यांच्या शेपटीत बारा पिसे असतात. कोतवालाच्या कुळात ती दहाच असतात. चोचीच्या मुळाशी, जबड्याच्या कोपऱ्यावर, एक बारीक पांढरा ठिपका असतो. जवळून पाहण्याची संधी मिळाली तर हा ठिपका अवश्य शोधावा. काळ्या कोतवालाची ती उत्तम खूण होय. नर व मादी दिसण्यात सारखीच असतात.

येथे एक फसगत नेहमी होते. कोतवालाची पिले मोठी झाली, उडू लागली, तरी पहिले काही महिने त्यांच्या छातीखाली व पोटावर पांढुरक्या खवल्यांसारख्या कडा असतात. असा पोरवयाचा पक्षी पाहून पुष्कळ लोक ‘पांढऱ्या पोटाचा कोतवाल दिसला’ असे सांगतात. पांढऱ्या पोटाचा कोतवाल ही वेगळी जात आहे आणि ती शेतात क्वचितच येते. तिच्या पोटाचा पांढरा रंग स्वच्छ व सलग असतो. जणू काळसर छातीच्या खाली कोणी रेघ आखून चुना फासला आहे. पिलाच्या पोटावरची पांढरी नक्षी मात्र विस्कटलेली, ठिपक्याठिपक्यांची असते. जेथे रेघ स्पष्ट दिसत नाही, तेथे पिलू समजावे.

काळ्या कोतवालाचे वर्तन ही त्याची दुसरी ओळख. तो कधी दाट पानांत दडत नाही. उघडी फांदी, खुंट, विहिरीवरचा लोखंडी खांब, विजेची तार, नाही तर चरणाऱ्या म्हशीची पाठ, अशी चोहोकडे नजर टाकता येईल ती जागा तो निवडतो. गुराच्या पायांमुळे गवतातून नाकतोडा उडाला की कोतवाल झेप घेतो, त्याला पकडतो आणि पुन्हा त्याच जागी येऊन बसतो. मोठा किडा असेल तर पायाखाली दाबून चोचीने त्याचे तुकडे करतो. शेत नांगरले जात असेल, ओसाड गवताला आग लागली असेल, पहिल्या पावसानंतर वारुळातून पंखवाल्या वाळव्या बाहेर पडत असतील, तर अशा ठिकाणी कोतवाल हटकून हजर असतो. संध्याकाळी इतर पक्षी झाडावर परतल्यानंतरही, अगदी काळोख पडेपर्यंत, दिव्याभोवती जमणारे पतंग टिपण्याचे त्याचे काम चालूच असते. सकाळी सर्वांच्या आधी उठणारा आणि रात्री सर्वांच्या नंतर झोपणारा हा पक्षी खरोखरच पहारेकऱ्याचा जन्म घेऊन आला आहे असे वाटते.

मात्र कोतवालही कधी कधी चोराशी हातमिळवणी करतो असे म्हणतात, ते येथेही खरे ठरते. साळुंकीने किंवा हुदहुदाने जमिनीतून उकरून काढलेला किडा त्यांच्या तोंडून हिसकावून घेण्यात त्याला कमीपणा वाटत नाही. क्वचित तो एखाद्या लहान पक्ष्याचीही शिकार करतो.

एप्रिलपासून ऑगस्टपर्यंत त्याचा विणीचा काळ. घरटे झाडाच्या टोकाकडील आडव्या फांदीच्या बेचक्यात, जमिनीपासून चार ते बारा मीटर उंचीवर असते. बारीक काड्या, तंतू आणि कोळिष्टके यांनी विणलेली ती एक उथळ वाटी असते. खालून पाहिले तर कित्येकदा आतली अंडी दिसतील इतकी ती पातळ असते. अंडी बहुधा तीन ते चार. ती नर-मादी दोघेही उबवितात, आणि सुमारे पंधरवड्यात पिले बाहेर येतात. लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही की, याच झाडावर किंवा शेजारच्या झाडावर हळद्या, होला, बुलबुल यांसारखे सौम्य पक्षी आपली घरटी बांधतात. त्यांच्या अंड्यांना कोतवाल हात लावीत नाही. उलट अंडी चोरण्यास आलेल्या कावळ्याला तो झाडाजवळ फिरकू देत नाही. त्यामुळे त्याच्या आश्रयाला राहणाऱ्यांचा आपोआपच बचाव होतो. ज्या वाड्यात कोतवाल राहतो त्या आळीत चोर शिरत नाही, हा न्याय पाखरांनाही कळलेला दिसतो.

शेते सोडून उत्तरेस असीरगडाच्या किंवा नेपानगरच्या बाजूस जावे, म्हणजे सागवान, बांबू आणि सालईचे रान लागते. येथे काळा कोतवाल मागे पडतो आणि पांढऱ्या पोटाचा कोतवाल भेटू लागतो. तो काळ्यापेक्षा थोडा लहान, साधारण २४ सेंटिमीटर लांबीचा. पाठ काळीभोर नसून निळसर करडी. शेपटीची खाच कमी खोल. तो तारेवर बसत नाही. रानातील मोकळवणाच्या काठी, मध्यम उंचीच्या फांदीवर, अर्धवट सावलीत बसतो. त्याचा स्वरही वेगळा. काळ्याचे ओरडणे कर्कश, आव्हान दिल्यासारखे. याची तीन-चार सुरांची शीळ गोड असते आणि ती ऐकून कोतवालाची आठवणही होत नाही.

हिवाळ्यात या दोघांत तिसरा पाहुणा येतो. तो राखी कोतवाल. हिमालयाच्या बाजूने येऊन तो थंडीचे महिने द्वीपकल्पात घालवितो आणि उन्हाळा लागताच परत जातो. त्याची शेपटी काळ्या कोतवालासारखीच लांब व खोल दुभंगलेली असते, म्हणून चुकण्याचा संभव फार. तथापि त्याचे पोट पाटीच्या रंगाचे, मळकट करडे असते. तेथे काळा तकाकीचा रंग नसतो. डोळा लालभडक असून तो दुरूनही चमकतो, आणि चोचीच्या मुळाशी पांढरा ठिपका नसतो. शिवाय तो जमिनीजवळ फारसा येत नाही. रानाच्या कडेला उंच झाडाच्या अगदी शेंड्यावर बसतो. मे महिन्यात, शेताच्या मध्यभागी, म्हशीच्या पाठीवर बसलेला पक्षी राखी कोतवाल असणे शक्य नाही. ऋतू आणि जागा यांचाही पुरावा कसा घ्यावा, याचे हे उदाहरण आहे.

कोतवालांच्या कुळातील खरा राजा मात्र भृंगराज. बऱ्हाणपूरच्या पूर्वेस मेळघाटाचे अरण्य आहे. तेथील दाट, सावलीच्या दऱ्यांत तो राहतो. डोक्यावर पुढून मागे वळलेला तुरा आणि शेपटीतून निघालेल्या दोन लांब तारा, त्यांच्या टोकाला पिसांची एकेक पाती, असे त्याचे रूप एकदा पाहिले की विसरत नाही. तो उडतो तेव्हा दोन काळे भुंगे त्याचा पाठलाग करीत आहेत असा भास होतो. पिसे झडण्याच्या दिवसांत या तारा गळून पडतात. अशा वेळी तुऱ्यावरून त्याला ओळखावे. तुरा असल्यास भृंगराज, नसल्यास काळा कोतवाल. सातपुड्याच्या अधिक ओल्या भागांत आणखी एक भाऊबंद आढळतो, तो केसराज. कपाळावर केसांसारखे तंतू आणि शेपटीची वर मुरडलेली टोके या त्याच्या खुणा होत. सावर व पांगारा फुलले म्हणजे मधाच्या लोभाने तो त्यांच्यावर उतरतो.

आता स्वराविषयी सावधगिरीचा इशारा देणे अवश्य आहे. कोतवाल हे अट्टल नकलाकार आहेत. काळा कोतवाल शिकऱ्याच्या ओरडण्याची इतकी हुबेहूब नक्कल करतो की, ऐकणारा आकाशात शिकरा शोधीत राहतो. भृंगराज तर अरण्यातील अनेक पक्ष्यांचे आवाज काढतो. श्रीलंकेतील अरण्यात झालेल्या अभ्यासात असे दिसून आले की, भृंगराज इतर पक्ष्यांच्या धोक्याच्या हाकाही योग्य प्रसंगी वापरतो आणि त्यामुळे निरनिराळ्या जातींचे पक्षी त्याच्याभोवती एकत्र येऊन हिंडतात. आफ्रिकेच्या कालाहारी प्रदेशातील कोतवाल तर याहूनही धूर्त. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनानुसार, तो खोटा इशारा देऊन दुसऱ्या प्राण्यांना पळवून लावतो व त्यांनी टाकलेले भक्ष्य स्वतः लांबवितो. एका हाकेला ते भुलेनासे झाले की दुसरी हाक काढतो. तेव्हा केवळ एका आवाजावर निर्णय देऊ नये. पक्षी काही काळ ऐकावा. नक्कल लवकरच संपते आणि पक्षी स्वतःच्या भाषेवर येतो.

याच्या उलट एक असा पक्षी आहे की, ज्याच्या बाबतीत डोळे फसवतात आणि कानच खरे सांगतात. पावसाळ्यात रानातून एक शीळ ऐकू येते : ‘पी-पी-पी-पी-पी’. पाच-सहा सूर, प्रत्येक सूर आधीच्याहून थोडा चढा, जणू कोणी जिन्याच्या पायऱ्या चढत आहे. वरच्या पायरीवर शीळ थांबते आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. आवाजाच्या रोखाने पाहावे तर पानांआड कोतवालासारखाच काळा, दुभंगलेल्या शेपटीचा पक्षी बसलेला असतो. परंतु तो कोतवाल नव्हे. तो कोकिळेच्या कुळातील एक पक्षी आहे. दुसऱ्याच्या घरट्यात अंडे घालण्याचा कुळाचार तोही पाळतो; त्यासाठी तो बहुधा सातभाईच्या कुळातील लहान पक्ष्यांची घरटी शोधतो. कोतवालाचा वेष घेतल्याने त्याचा फायदा होत असावा, असा अभ्यासकांचा तर्क आहे. या तोतयाला ओळखण्याच्या खुणा अशा : चोच बारीक व किंचित वाकलेली, डोके लहान, शेपटीची खाच उथळ आणि शेपटीच्या खालच्या अंगास पांढरे आडवे पट्टे. तो उघड्यावर बसून माश्यांवर झेप घेत नाही. पानांतून सुरवंट वेचतो. कोतवाल मात्र काहीही झाले तरी जिन्याच्या पायऱ्यांची ती शीळ स्वतःची म्हणून घालीत नाही.

यावरून ओळखण्याचा क्रम ठरविता येतो. प्रथम जागा पाहावी : शेत, रानाची कड, की दाट अरण्य. नंतर महिना ध्यानात घ्यावा. मग पोटाचा रंग, शेपटीची खाच, तुरा, डोळा आणि चोचीजवळचा ठिपका या क्रमाने रूप न्याहाळावे. त्यानंतर पक्षी काय करतो ते पाहावे. शेवटी त्याचा स्वर ऐकावा आणि सर्व साक्षी एकमेकींशी जुळतात की नाही हे तपासावे. एक साक्ष विरुद्ध गेली तर निकाल राखून ठेवावा. याला दुर्बिणीपेक्षा धीर अधिक लागतो, आणि वहीत तारीख, जागा व वेळ टिपून ठेवण्याची सवय त्याहून अधिक.

हा खटाटोप कशासाठी, असा प्रश्न केळीच्या बागायतदाराने किंवा कापसाच्या शेतकऱ्याने विचारला तर तो गैर म्हणता येणार नाही. त्याचे उत्तर त्याच्याच शेतात आहे. नाकतोडे, पतंग, भुंगेरे, अळ्या हे कोतवालाचे रोजचे अन्न. हरभऱ्यावरील घाटेअळी व कापसावरील बोंडअळी यांचा बंदोबस्त करताना शेतात जागोजागी पक्षिथांबे उभारावेत, अशी शिफारस कृषितज्ज्ञ करतात. हे पक्षिथांबे म्हणजे वर आडवी काठी बांधलेले साधे खुंट; त्यांवर येऊन बसणाऱ्या पक्ष्यांत कोतवाल पहिला. परदेशातही त्याच्या या गुणाची कीर्ती पोचली होती. कीटकांचा नाश व्हावा म्हणून १९३५ साली तैवानमधून पॅसिफिक महासागरातील रोटा बेटावर काळे कोतवाल मुद्दाम नेऊन सोडण्यात आले आणि पुढे ते ग्वाम बेटावरही पसरले. कोतवाल मधमाश्याही खातो, तेव्हा मधपाळाची तक्रार अगदीच खोटी नाही. पण जमाखर्च मांडला तर शेतकऱ्याच्या बाजूस शिल्लकच राहते. ज्या शेतात फवारणी अविचाराने होते तेथे किड्यांबरोबर कोतवालाचे अन्नही नाहीसे होते, आणि पुढच्या खेपेस आलेल्या किडीला अडविण्यास पहारेकरी उरत नाही.

रानातील कोतवालांचे प्रकरण याहून नाजूक आहे. बऱ्हाणपूर जिल्ह्यात, विशेषतः नेपानगरच्या बाजूस, २०२२-२३ च्या सुमारास मोठ्या प्रमाणावर बेकायदा वृक्षतोड झाली. रान उघडे पडले की काळ्या कोतवालाचे फारसे बिघडत नाही. खुंट आणि मोकळी जमीन त्याला आवडतेच. परंतु पांढऱ्या पोटाच्या कोतवालाला झाडांची सावली हवी, आणि भृंगराजाला तर दाट अरण्यच हवे. म्हणून ज्या टेकडीवर पूर्वी गोड शीळ ऐकू येत असे तेथे आता केवळ कर्कश ‘टी-ही’ ऐकू येऊ लागली, तर ऐकणाऱ्याने समजावे की टेकडीचे रूप पालटले आहे. ‘कोतवाल तर अजून आहेत’ असे म्हणून समाधान मानणाऱ्याला ही गोष्ट कधीच कळणार नाही. ज्याला एक कोतवाल दुसऱ्यापासून ओळखता येतो, त्यालाच अरण्याची हानी झाडांची मोजणी होण्याआधी ऐकू येते.

म्हणून शाळेतील मुलांनी, शेतकऱ्यांनी आणि सकाळी तापीकाठी फिरावयास जाणाऱ्या नागरिकांनी आपल्या परिसरातील कोतवालांची ओळख करून घ्यावी. त्याला खर्च नाही. पहाटे थोडे लवकर उठावे लागेल इतकेच. आणि कितीही लवकर उठले, तरी कोतवाल त्याआधीच जागा झालेला असेल.